जोड चालू आहे

४ फेब्रुवारी
(संघटनेच्या पत्रकात छापलेलं जाहीर पत्र)

केबलच्या खोल्यांत राबणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो,

सगळं सुरळीत चालू असतं तेव्हा आपण कुणाच्या खिजगणतीतही नसतो. आणि पडदा दोन मिनिटं थांबला, की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना आपलं नाव तोंडपाठ असतं. श्रेय वरच्या मजल्यावर आणि खापर तळघरात, अशी ही वाटणी. ती करताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं.

आज ते खापर एका मुलीच्या डोक्यावर फुटलं आहे. आपल्याच संस्थेच्या एका रुग्णालयात ती नेटवर्क तंत्रज्ञ आहे. ती माझी सख्खी भाची आहे, हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे उद्या कुणाला ते शोधून काढल्याचा आनंद नको. २२ जानेवारीला, गुरुवारी दुपारी, तिथल्या तिसऱ्या मजल्यावर परिचारिकांच्या टेबलावरचा पडदा नऊ मिनिटं थिजला. हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा तो. त्यावर जुनीच रेघ, जुनेच आकडे. त्या नऊ मिनिटांत चौदा नंबरच्या खाटेवरच्या बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी आपली मुलगी निलंबित झाली.

आता नीट ऐका. त्या रुग्णालयाच्या जुन्या आणि नव्या इमारतींना जोडणाऱ्या दोन केबली आहेत. दोन पोर्ट एकत्र बांधून त्यांचा एक जोड केलेला आहे. आपल्या घरच्यांनाही कळावं म्हणून सांगतो: जोड म्हणजे एका गाडीचे दोन बैल. दोघं मिळून जास्त ओढतात, आणि एक बसला तर दुसरा गाडी घरी आणतो. पण दोघांना मिळून जेमतेम ओढता येईल एवढं ओझं लादलं, तर एक बसल्यावर दुसरा काय डोंबल ओढणार? मालकानं दुसरी केबल दोनदा वापरली. एकदा ओझं वाढवायला, आणि एकदा 'आमच्याकडे पर्यायी व्यवस्था आहे' असं भाषणात सांगायला. एक केबल कधीची मेलेली होती. उरलेल्या एकीवर साऱ्या रुग्णालयाच्या एक्स-रेची चित्रं लोटली. त्या गर्दीत एका बाईच्या हृदयाची खबर मागे राहिली.

हा गुन्हा तळघरातल्या मुलीचा आहे काय?

प्रत्येक शाखेनं या आठवड्यात तिच्या बाजूनं ठराव करून पाठवावा.

तुमचा सचिव


८ फेब्रुवारी

ती. मामास,

तुझं पत्रक पोचलं. आईनं ते मोठ्यानं वाचलं, शेजारच्या काकूंना बोलावून पुन्हा वाचलं, आणि 'काय डोंबल' या शब्दावर दोघी थांबल्या. 'छापील कागदात असं लिहितात का?' असं आई विचारते आहे. तिचा तुझ्याबद्दलचा अभिमान आणि राग नेहमीसारखे एकाच ताटात.

ऑफिसचं मेलखातं बंद केलंय, म्हणून पत्र. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. पत्रात तुला गप्प बसावंच लागतं.

मी ठीक आहे. सकाळी सवयीनं जाग येते, सवयीनं खिशातलं पाकीट चाचपते, आणि ओळखपत्र जमा करून घेतलंय हे आठवतं. त्या दुपारी मी नव्या इमारतीच्या तळघरात होते. वरून फोन आला, 'पडदा हलत नाही.' मी धावले. जिन्यावर असतानाच वर पळापळ ऐकू आली. मी पोचले तेव्हा पडदा सुरू झालेला होता, मामा. चौदा नंबरची रेघ सरळ होती आणि पडदा अगदी व्यवस्थित ती सरळ रेघ दाखवत होता.

आमचे साहेब वाईट वागत नाहीत, हे तुला आवडणार नाही. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि एक कागद दिला. 'माझ्याकडून देखरेखीत हयगय झाली,' असा. त्यावर सही केली तर बडतर्फी नाही, फक्त नोंदणी विभागात बदली. पुन्हा नेटवर्कला हात लावायचा नाही, एवढंच. नाही केली, तर दहा मार्चला, मंगळवारी अकरा वाजता, चौकशी.

माझं एक ऐकशील? ठराव, सभा, सध्या काही करू नकोस. चौकशीत माझ्या बाजूनं बोलायलाही येऊ नकोस. मी बघते.

तुझी खार


१२ फेब्रुवारी

प्रिय खारे,

'मी बघते' म्हणे! सात वर्षांची असताना माझ्या शिडीवर चढून बसली होतीस, आणि उतरता येईना तेव्हाही हेच म्हणाली होतीस. मी खाली हात पसरून उभा होतो म्हणून आज पत्र लिहिते आहेस.

तुला भीती वाटते आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण भीतीला चांगले कपडे घालून तिला समजूतदारपणा म्हणू नकोस. खुर्ची देणारा साहेब जास्त धोक्याचा. शिव्या देणाऱ्याच्या कागदावर माणूस सही करत नाही. पाणी देणाऱ्याच्या कागदावर करून बसतो. सव्वीस वर्षं केबली ओढल्या आणि नऊ वर्षं या लोकांच्या समोर बसलो, तेव्हा हे शिकलो.

तेरा शाखांचे ठराव आलेत. पुढच्या रविवारी तुमच्या रुग्णालयाच्या फाटकासमोर सभा ठरवतो आहे. मला फक्त एक गोष्ट हवी. जोडातली एक केबल गेली, की यंत्र त्याच क्षणी संदेश पाठवतं. तो संदेश आलाच असणार. मग ती केबल मेलेली राहिली कशी? कुणीतरी संदेश दाबला. कुणीतरी ठरवलं, की राहू दे, चालतंय ना. तो कोण? मला त्याचं नाव दे. बाकी काही नको. नाव मिळालं, की मी त्याला फाटकासमोर असा उभा करतो, की त्याच्या सात पिढ्या जोड म्हणजे काय ते विसरणार नाहीत.

तुझी आई काय म्हणते ते कळलं. तिला सांग, छापील कागदात याहून वाईट शब्द घालायचे होते, मुद्रकानं काढले.

मामा


१७ फेब्रुवारी

ती. मामास,

फाटकासमोरची सभा रद्द कर. हात जोडून सांगते.

परवा ते आले होते. चौदा नंबरच्या बाईंचे यजमान. बस चालवायचे, आता निवृत्त आहेत. पत्ता कुणी दिला कोण जाणे. मला वाटलं आता ओरडतील, दार लावून घ्यावं. पण ते चपला काढून आत येऊन बसले. आई चहा ठेवायला गेली, तर 'नको ताई, मी भांडायला आलोय, चहा घेतला तर भांडता येणार नाही,' असं म्हणाले. मग भांडलेच नाहीत.

म्हणाले, "दोन होत्या म्हणतात?"

"हो."

"एक बंद पडली तरी दुसरी असते, म्हणून दोन?"

"हो."

"मग?"

मामा, मला त्या 'मग'चं उत्तर देता आलं नाही. उत्तर माहीत असून देता आलं नाही. ते म्हणाले, "आमच्या गाडीला दोन ब्रेक असायचे. डेपोतून निघताना एकेक वेगळा दाबून बघायचो. दोन्ही एकदम दाबले, तर कुठला लागतोय ते कळत नाही." आणि उठून गेले. दारातून परत फिरले आणि आईला म्हणाले, "पोरगी जेवत नाही वाटतं." घरातला माणूस गेलाय त्यांच्या, आणि काळजी माझ्या जेवणाची.

तू नाव मागितलंस. नाव नाही. मी त्या कागदावर सही करणार आहे. नोंदणी विभागात खिडक्या आहेत म्हणे, ऊन येतं. तळघरातून वर येईन एवढंच.

रागावू नकोस.

खार


२० फेब्रुवारी

खारे,

रागावू नको म्हणजे काय करू? टाळ्या वाजवू?

'उत्तर माहीत असून.' हे तुझेच शब्द आहेत. उत्तर तुला माहीत आहे आणि तू कुणाला तरी वाचवते आहेस. कुणाला? त्या साहेबाला? बरोबरच्या एखाद्या पोराला? जो कुणी असेल, तो भेकड आहे. त्याची चूक एक मुलगी आपल्या आयुष्यानं फेडते आहे आणि तो घरी बसून ते बघतो आहे. अशा माणसाची कसली दयामाया करतेस?

सभा पुढे ढकलली, रद्द केलेली नाही. नाव कळेपर्यंत तुझ्या सहीचा विचारही करू नकोस. दोन ओळीत उत्तर दे.

मामा


२३ फेब्रुवारी

ती. मामास,

दोन ओळीत जमणार नाही. बैस, आणि तुझ्या टेबलाच्या खणातून संस्थेशी झालेला करार काढ. निळ्या पुठ्ठ्याचा. कलम सात काढ. तुला पाठ असेल, तरी वाच:

'जोडातील एक केबल बंद पडली, परंतु जोड चालू असेल, तर तो तातडीचा बिघाड समजला जाणार नाही. अशा बिघाडासाठी सुट्टीवरील तंत्रज्ञास बोलावले जाणार नाही. दुरुस्ती तीस दिवसांत करावी.'

संदेश कुणी दाबला नाही, मामा. केबल २८ डिसेंबरला मेली, रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. संदेश आला. ड्युटीवर कुणी नव्हतं, आणि कलम सातप्रमाणे मला बोलावणं मना होतं. संदेश किरकोळ नोंदींच्या यादीत गेला. सोमवारी मी यादी उघडली, दोनशे बारा नोंदी. पुढच्या सोमवारी, पाच तारखेला, त्या ओळीपाशी पोचले. ओळ अशी होती: 'जोड चालू आहे. केबल क्रमांक दोन बंद.' मी पहिले तीन शब्द वाचले, समोर बरोबरची खूण केली आणि नव्या भागाची मागणी लिहिली. ती खूण माझी आहे. ती मी नाकारत नाही आणि कधी नाकारणारही नाही.

बारा तारखेला साहेबांनी एक्स-रेची चित्रं त्याच जोडावर घेतली. मी म्हटलं, एक केबल बंद आहे. ते म्हणाले, "जोड चालू आहे ना? तुमच्याच करारात तीस दिवस आहेत." मी गप्प बसले. कारण ते खोटं बोलत नव्हते.

बाई गेल्या तो पंचविसावा दिवस होता. आमच्यापैकी एकानंही नियम मोडलेला नाही. तू शोधतोयस तो कुणी माणूस नाहीच. ते कलम आहे. आणि कलमाचा पहिला मसुदा संस्थेच्या फायलीत आहे, तुझ्या अक्षरात. साहेबांनी मला दाखवला. तुझा 'ज' मी कुठंही ओळखेन.

म्हणून सही करत होते. चौकशी झाली तर तो कागद बाहेर येईल, आणि संस्था म्हणेल, बघा, यांच्या सुट्टीपायी बाई मेली. सगळा करार फाडतील. चारशे लोकांची रविवारची विश्रांती जाईल. तुझी नऊ वर्षं जातील. त्यापुढे माझी एक नोकरी म्हणजे काय? हिशेब सोपा आहे. तू मला शिकवलेलाच.

तो करार झाला तेव्हा मी कॉलेजात शिकत होते. त्या दिवशी तू आमच्या दारात उभा राहून म्हणाला होतास, "आजपासून आपली माणसं सुट्टीच्या दिवशी माणसं असतील." मी त्या वाक्यासाठी या धंद्यात आले, मामा. ते वाक्य खोटं पडलेलं मला बघवणार नाही.

आता तरी सभा रद्द करशील?

खार


६ मार्च

खारे,

अकरा दिवस उत्तर दिलं नाही. आजारी नव्हतो, कामातही नव्हतो. मी गप्प होतो. माझ्या गप्प बसण्याची सवय या घराला नसल्यामुळे तुझ्या मामीनं डॉक्टर बोलावला.

तू मला वाचवायला निघालीस आणि मी तुला ओरडत होतो, की जो कुणी असेल तो भेकड आहे. ते मागे घेत नाही. योग्य माणसाला लागलं.

पण तुला सगळं माहीत नाही. फायलीत फक्त मसुदा आहे. वाटाघाटीच्या खोलीतलं बोलणं कुठल्याच फायलीत नाही, म्हणून ते मला लिहावं लागेल.

तेव्हाची परिस्थिती तुला ठाऊक आहे. एखादा दिवा लाल झाला, की सुट्टीवरच्या माणसाला हाक. आपल्यातल्या एकानं स्वतःच्या मुलीचं लग्न अर्धं फोनवर लावलं. ते थांबवायलाच हवं होतं. आजही मी त्यावर ठाम आहे, उद्या फासावर चढवलं तरी असेन. थकलेल्या माणसाला झोपेतून ओढणं म्हणजे सुरक्षितता नव्हे.

मग सुट्टीच्या दिवशी लाल दिव्याकडे बघायचं कुणी? याचं खरं उत्तर एकच होतं: दुसरा माणूस. प्रत्येक रुग्णालयात, प्रत्येक पाळीला, दुसरा तंत्रज्ञ. माझ्या मागणीपत्रात ती पहिली मागणी होती. चौथ्या दिवशी संस्थेनं दोन दारं उघडली. एका दारात दुसरा माणूस, पण दोन वर्षांत, टप्प्याटप्प्यानं, लेखी वेळापत्रकासह. दुसऱ्या दारात कलम सात, उद्यापासून.

आपल्या निवडणुकीला तीन आठवडे उरले होते. वेळापत्रक घेऊन सभेत उभा राहिलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, 'आज हातात काय?' मला 'आज' हवं होतं. मी माणूस सोडला आणि कलम घेतलं. मसुदा मीच लिहिला, कारण माझी भाषा चांगली, असं सगळे म्हणतात. 'परंतु जोड चालू असेल, तर', हे शब्द लिहिताना मला काय म्हणायचं होतं ते मी सांगतो. सव्वीस वर्षं केबली ओढलेल्या माणसाला माहीत होतं, की एक केबल मेलेला जोड म्हणजे जोड नव्हेच. ती एकटी केबल असते, जिच्या मागे कुणी नाही. मला ते माहीत होतं, खारे. मी ते लिहिलं नाही.

पत्रकात मी म्हटलं, मालकानं दुसरी केबल दोनदा वापरली. मीही तेच केलं. दुसऱ्या केबलीच्या जिवावर मी दुसऱ्या माणसाची मागणी सोडून दिली. एकीच्या मागे दुसरी आहे ना, मग तीस दिवस काय होतंय! साहेबानं तिच्यावर चित्रं लादली. मी तिच्यावर चारशे लोकांची सुट्टी लादली. त्याचा गुन्हा त्याच्यापाशी, आणि तो मी त्याला विसरू देणार नाही. केबल बंद आहे हे ऐकून त्यानं ओझं वाढवलं. तुझी खूण तुझ्यापाशी. तू ती नाकारत नाहीस, म्हणून मला अजून आपल्या धंद्याची आशा आहे. पण पहिला हात माझा आहे.

काल कार्यकारिणी बोलावली. हे सगळं असंच्या असं सांगितलं. मला सगळे तोफ म्हणतात, म्हणून एक जण उठून म्हणाला, "तोफ स्वतःवरच उडाली." कुणी हसलं नाही. राजीनामा दिला. त्यांनी तो दहा मार्चपर्यंत राखून ठेवला आहे. मला भीती घातली, तुला वाटते तीच: करार जाईल, रविवार जाईल. मी म्हटलं, जाऊ दे. एका बाईच्या मरणावर पांघरूण घालून जो रविवार मिळतो, त्या रविवारी मला विश्रांती मिळणार नाही, तुम्हाला मिळत असेल तर सांगा. पुन्हा लढू. या वेळी दुसरा माणूस मागू, आणि तो मिळेपर्यंत दारातून हलणार नाही. ज्यांना मी इतकी वर्षं ओरडायला शिकवलं, ते मान खाली घालून बसले होते. मतदान झालं. नऊ विरुद्ध सहा. चौकशीत खरं सांगायचं, असं ठरलं.

त्या बसचालकांना मी पत्र लिहिलं आहे. त्यांच्या 'मग'चं उत्तर त्यात आहे. ते तू द्यायचं नव्हतंस, मी द्यायचं होतं. त्यांनी माफ करावं असं लिहिलेलं नाही. तेवढा निर्लज्ज अजून झालो नाही.

आता तुझ्याबद्दल. तू लिहिलंस, चारशे लोकांपुढे एक नोकरी म्हणजे काय, आणि हा हिशेब मी शिकवला. मी शिकवला असेन तर चुकीचा शिकवला. तू सही केलीस तर तो कागद 'देखरेखीत हयगय' म्हणून फायलीत जाईल, कलम सात जागच्या जागी राहील, आणि संस्थेच्या तेवीस रुग्णालयांत आज या घडीला कुठल्या जोडातली कुठली केबल मेलेली आहे, ते कुणी बघणार नाही. पडदे सगळीकडे सांगत राहतील, जोड चालू आहे. पुढची खाट कुठल्या मजल्यावरची, तेवढंच कळायचं राहील. तुझ्या त्यागानं कुणी वाचत नाही. फक्त मी वाचतो, आणि मला तसं वाचायचं नाही.

हे पत्र सोमवारी पोचेल. मंगळवारी सकाळच्या गाडीनं मी येतो आहे. तुझ्या बाजूनं बोलायला नाही, साक्षीदार म्हणून. समोरच्या बाकावर बसेन. माझ्याकडे बघितलंस तर तुझा आवाज कापेल, म्हणून बघू नकोस. चौकशी अधिकाऱ्याकडे बघ.

सही करू नकोस. मंगळवारी अकरा वाजता उभी राहा आणि तोंडातून पहिलं वाक्य हे काढ: 'कलम सात माझ्या मामानं लिहिलं, आणि ते चूक आहे हे लिहितानाच त्याला माहीत होतं.'

मामा